अनुसयेचं पांघरूण

दुपारची भाकरी पोटात गेली की माझे डोळे मिटायला लागतात, त्याला मी काय करू. ओटीवर घोंगडी टाकून आडवी झालेय. आमचे मालक समोर पायरीवर बसून फवारणीचा पंप पुसतायत. वारा पडला की तणनाशक मारतो म्हणालेत, नाहीतर वाफ्यातल्या स्ट्रॉबेरीवर उडेल. सकाळी मीच सांगितलंय त्यांना, मारून टाका ते गवत, एक पान ठेवू नका.

गवत म्हणजे पांढरं क्लोव्हर. आम्ही त्याला तीनपानी म्हणतो. माझ्या धाकट्या जावेनं, अनुसयेनं, ते वाफ्यांच्या मधल्या सऱ्यांत पेरलं. अख्खा गाव गवत उपटतो आणि ही बया बी आणून पेरते, म्हणून मी तिला उभी-आडवी घेतली होती. ती हसायची. जमीन उघडी ठेवू नये आक्का, तिलाबी ऊन लागतं, थंडी वाजती, म्हणायची. पुढं तीनपानी दाट झालं, दुसरं तण दबलं, पाणी निम्मंच लागायला लागलं, पांढऱ्या बोंडांवर मधमाश्या घोंगावायला लागल्या, आणि माझं तोंड बंद झालं. त्यात चालायचं तर अनवाणी, हा तिचा हट्ट. चपलेनं कोवळं दबतं म्हणे. दिवाळीनंतर एका सकाळी अशीच अनवाणी तोडणीला गेली आणि तिथं घोणस वेटोळं घालून बसलेली. दवाखान्यात नेताना घाट उतरेपर्यंत तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दिवस मावळायच्या आत संपली.

रक्षा नदीला नेली नाही. आमच्याकडं आता रानातच सोडतात आणि वर एखादं झाड लावतात. माझ्या दिरानं ती विहिरीजवळच्या सरीत पसरली. झाड नको म्हणाला, तिचं तीनपानी आहेच. मग लेकीकडं निघून गेला, त्याच्यानं ह्या रानाकडं बघवत नाही.

बघवत माझ्यानंही नाही. त्या गवतानं माझी जाऊ खाल्ली.

डोळा लागतो न लागतो तोच पायाशी कुणीतरी बसतं. मला वाटतं मांजर असेल. बघते तर अनुसया. गेलेल्या माणसाला बघून भ्यावं, तर मी आपली सवयीनं तिच्यावर खेकसते, कुठं उलथली होतीस इतके दिवस.

ती नखशिखांत भिजलीय. केसांतून पाणी गळतंय, पोलकं पाठीला चिकटलंय. बाहेर ऊन लखलखतंय, ढगाचं नाव नाही. ओली कशी झालीस, मी विचारते.

"वरून पडतंय आक्का," ती म्हणते.

तिच्या अंगाला कसलासा उग्र वास आहे. ओळखीचा आहे, पण नाव सापडत नाही. मी तिचा हात धरते. तो गार आहे. ओटी आता ओटी नाही, खालच्या दवाखान्याचा लांबलचक बोळ आहे आणि अनुसया बाकड्यावर आडवी आहे, पांढऱ्या कापडात गुंडाळून सुतळीनं बांधलेली. तशीच दिली होती त्यांनी. फाडून शिवलीय, सोडू नका, म्हणाले. जाऊ गेली की जावेनं तिला न्हाऊ घालायचं असतं, तो माझा मान. एक तांब्या तिच्या अंगावर पडला नाही माझ्या हातानं. मी सुतळीच्या गाठी सोडायला बसते. एक सोडली की शेजारी दुसरी बसते.

"ऱ्हाऊ द्या," आतून ती म्हणते.

"गप पडून राहा. तुला विचारलंय का कुणी?"

पायाला ओलं लागतं म्हणून खाली बघते. बोळाच्या फरशीवर तीनपानी उगवलंय. भिंती नाहीत. आम्ही विहिरीजवळच्या सरीत आहोत, दोन्हीकडं वाफे आणि लाल फळं, आणि एकही मधमाशी घोंगावत नाही. अनुसया सरीत उताणी झोपलीय. गोधडी ओढावी तसं तीनपानी हनुवटीपर्यंत ओढून घेतेय. पण ते पुरत नाही. पावलं उघडी राहतात. डाव्या घोट्यावर दोन काळे ठिपके आहेत.

मला जे विचारायचंय ते विचारून टाकते. घोणस ह्यातच होती ना गं?

"ह्यातच होती," ती म्हणते. "थंडीत ऊब असती इथं. तीबी उबीला आली, मीबी आले."

"मग मी कुणावर राग काढू, अनुसये? भांडायला घरात दुसरं कोण आहे मला?"

ती माझ्याकडं बघते, आणि मला दिसतं की ती कुडकुडतेय. दातावर दात आपटतायत. केसांतलं पाणी अजून गळतंय, कपाळावरून डोळ्यांत उतरतंय. ती डोळे घट्ट मिटते.

"झोंबतंय. पुसा आक्का, वाळायच्या आत पुसा. वाळलं की मग काय हुत न्हाय."

मी पदरानं तिचं तोंड पुसते, केस पुसते, मान पुसते. पदर पिळते, परत पुसते. ते संपतच नाही. माझं पांघरूण कशापायी काढताय, ती हळूच विचारते, आणि मी पुसतच राहते.

जाग येते. ऊन ओटीवरून खाली उतरलंय. पायरीवर पंप नाही, मालकही नाहीत.

उठून बसते तर ते विहिरीकडून येताना दिसतात, पाठीवर पंप, नाकाला फडकं. सगळ्या सऱ्या झाल्या, म्हणतात. विहिरीकडची शेवटची, ती आत्ताच मारली. पाऊस नाही, दव पडायला अवकाश आहे, तोवर वाळेल.

माझ्या मुठीत माझाच पदर आहे, पिळून पीळ पडलेला. ओला आहे. नाकाला लावते. तोच उग्र वास, तणनाशकाचा. जेवल्यापासून मी ह्या ओटीवरून हललेली नाही.

मी विहिरीच्या मोटारीकडं पळते. लाईट नाही. मग कळशी आणि दोर उचलते. मागून मालक ओरडतात, अगं औषध धुऊन जाईल, सकाळी तूच म्हणालीस ना. मीच म्हणाले होते. पदर त्यांच्या नाकापुढं धरते. ते वास घेतात, माझ्याकडं बघतात, आणि पाठीवरचा पंप उतरवतात.

सगळ्या सऱ्या माझ्यानं व्हायच्या नाहीत. पहिल्या केव्हाच वाळल्या असतील, आठवड्याभरात पिवळ्या पडतील. ही एक अजून ओली आहे. चपला काढून मी सरीच्या तोंडाशी उभी राहते. न्हाऊ घालताना पहिलं पाणी डोक्यावरून ओततात. पण रक्षेला डोकं कुठलं. मी विहिरीकडून सुरुवात करते आणि तिच्या पायांकडं ओतत जाते.