चार डंपर येतायत

आधी चहा घ्या. हसायचं असेल तर हसा, पण जरा बेतानं, कारण हे सांगताना मला अजून मान वर करवत नाही. चुका काय, सगळ्यांच्याच हातून होतात. पण एका फोनवर अख्खी वाडी कुदळ-फावडी घेऊन उन्हात उभी करायची म्हणजे अंगात काहीतरी खास लागतं. ते माझ्यात आहे!

माझ्याकडे एक गाडी आहे. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, सेकंडहँड स्पोर्ट्स कार. मी ठाण्यात राहतो, औषधांच्या कंपनीत नोकरी करतो, आणि अधूनमधून हौशी लोकांसाठी शर्यतीचा ट्रॅक खुला करतात ना, तिथे जाऊन गाडी पळवतो. जिंकायबिंकायचं काही नसतं हो. आपली गाडी, आपलं पेट्रोल आणि आपलीच भीती! गेल्या खेपेला प्रत्येक वळणावर गाडी अशी कलायची की मी ती चालवतोय की वल्हवतोय तेच कळेना. तिथल्या एका दोस्तानं सांगितलं, "डॅम्पर बदल. अ‍ॅडजस्टेबल घे."

डॅम्पर म्हणजे शॉकअप. चाकाच्या मागे नळकांड्यासारखा असतो, खड्ड्यातून गेल्यावर गाडी उड्या मारत बसू नये म्हणून तिला आवरतो, तो. अ‍ॅडजस्टेबल म्हणजे कळ फिरवली की मऊ किंवा कडक होतो, आणि माझ्या सेटमध्ये गाडीची उंचीही कमी करता येत होती. देशातल्या कुठल्याही गॅरेजात त्याला शॉकअपच म्हणतात. मीही तसंच म्हणालो असतो तर आज ही गोष्ट नसती. पण ट्रॅकवर जाणारी माणसं डॅम्पर म्हणतात. मग मी काय मागे राहणार?

तर तो डॅम्परचा खोका घरी आला, आणि नेमका त्याच वेळी भाऊकाकांचा फोन आला.

भाऊकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या पुढे डोंगरावर आमची वाडी आहे. काका-काकी तिथेच असतात. नाचणी, वरी, दोन म्हशी. गोठ्यामागच्या खडकावर उभं राहिलं तरच मोबाइलला रेंज येते, तीही वारा असेल तशी. त्यांच्या पूजाचा साखरपुडा ठरला होता. मुलगा तुडीलचा. रविवारी दुपारी पाहुणे वाडीवर येणार होते.

काका सांगत होते की पावसानं वाडीचा शेवटचा चढ पार धुऊन नेलाय, पाहुण्यांच्या गाड्या वर येणार कशा, वगैरे. मी फोन खांद्यात दाबून खोका फोडत होतो आणि "हो, हो" म्हणत होतो.

"चढावर पसरायला मुरूम लागंल, तो खाणीवरनं आणायचा तर—"

"काका, माझे डॅम्पर आले!"

काका पलीकडे ओरडलेच.

"काय बोलतोस! तू घेतलास?"

"मग! चार घेतले."

"चार?"

"चारही लागतातच काका. एकानं काय होणार?"

"जुने हायत की नवे?"

"कोरे करकरीत. जपानहून मागवलेत."

"हायड्रोलिक?"

मी उडालोच! आयुष्यभर नांगर धरलेल्या माझ्या काकांना डॅम्पर हायड्रॉलिक असतो हे माहीत! इथे माझी बायकोसुद्धा त्यांना 'ते पंपासारखं काहीतरी' म्हणते.

"एकदम हायड्रॉलिक, काका! नुसती कळ फिरवायची, गाडी खाली!"

"पूर्ण खाली?"

"पूर्ण खाली."

आता तुम्हीच सांगा, मला कुठून शंका येणार? गाडीची उंची कमी करणं मी 'खाली' म्हणतोय, आणि ते मुरूम ओतून गाडी रिकामी करण्याला 'खाली' म्हणतायत. शब्द एक, दोघंही खूष!

काकांचा आवाज जड झाला. "आज तुझा बाप पायजे होता रे विनू."

शॉकअपसाठी कुणाचा आवाज जड होतो का? पण मला वाटलं, चला, घरात कुणीतरी आपली आवड समजून घेणारं निघालं.

"मग कधी आणतोस?"

"शनिवारी महाडला नरेशच्या गॅरेजात काम करून घेतो. रविवारी सकाळीच वाडीवर हजर."

"पावण्यांच्या आधी?"

"कितीतरी आधी!"

"बघ हां. म्हंजे त्या पोलादपूरवाल्याला मी नको म्हणून कळवतो."

"कळवा, कळवा," मी म्हणालो. कोण पोलादपूरवाला, त्याला काय नको म्हणायचं, हे विचारायला तोंड होतं की मला. नाही विचारलं.

शनिवारी महाडला पोचलो. नरेश माझा शाळेतला मित्र, हायवेला त्याचं गॅरेज आहे. शहाणपणात आम्ही दोघं सारखे. त्यानं जुने शॉकअप काढून नवे बसवले, कळ हातात धरली आणि विचारलं, "मऊ की कडक?"

"कडक."

"एकदम कडक?"

"अरे, स्पोर्ट्स कार आहे की माजघरातला झोपाळा?"

"बरोबर!" म्हणून त्यानं कळ टोकाला नेली. मग उंचीकडे वळलो. थोडी खाली. अजून थोडी. शेवटी गाडीखाली चप्पल सरकवली तर ती अडकली, तेव्हा कुठे आमचं समाधान झालं. दोघांनी मिळून फोटो काढले.

रविवारी सकाळी निघालो तेव्हा कळलं कडक म्हणजे काय. रस्त्यावर कुणी बडीशेपेचा दाणा टाकला असता तरी तो माझ्या मणक्याला समजला असता. पोलादपूरला पोचेपर्यंत दात मोजून घ्यावेत असं वाटायला लागलं. चहाला थांबलो. टपरीवाला ओळखीचा. तो हात पुसत बाहेरच आला.

"या या शेठ! कुठं हायत डंपर?"

बघा! अख्ख्या पोलादपूरला माझ्या डॅम्परची खबर. मी फुगलो.

"हे काय, गाडीलाच लावलेत. वाका, दिसतील."

तो बिचारा वाकला. गाडीखाली पाहिलं. मागे जाऊन पाहिलं. मग हायवेवर मागे लांबपर्यंत पाहिलं. सरळ उभा राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "शेठ, चहात साखर जास्त टाकू का? बरं वाटंल."

तरीही डोक्यात प्रकाश पडला नाही हो! मी चहा पिऊन पुढे निघालो.

वाडीच्या चढाआधीचं शेवटचं वळण घेतलं आणि समोर माणसंच माणसं. कुणाच्या हातात कुदळ, कुणाच्या फावडं, बायकांच्या डोक्यावर चुंबळी आणि हातात घमेली. मधोमध भाऊकाका, पांढरा शर्ट, नवी टोपी. काकीच्या हातात आरतीचं ताट. ताटात नारळ चार. झेंडूचे हार चार.

मला वाटलं, हे सगळं पूजाच्या साखरपुड्यासाठी. तेवढ्यात गाडीचं पोट एका उंचवट्याला घासलं, 'खर्रर्र' असा आवाज झाला आणि गाडी तिथेच बसली. पुढची चाकं अधांतरी. खालून काळं तेल वाहायला लागलं.

काकांनी माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं, कानाला हात लावून ऐकलं.

"मागनं येतायत काय रे?"

"कोण, काका?"

"डंपर."

आणि तेव्हा, मित्रहो, तेव्हा मला समजलं! मुरूम समजला, हायड्रॉलिक समजलं, 'गाडी खाली' समजली, वडिलांची आठवण समजली.

उतरलो. चाकाशी उकिडवा बसलो आणि बोट दाखवलं. "काका, हे. ह्याला... ह्याला डॅम्पर म्हणतात."

काका गुडघे धरून खाली वाकले. टोपी सावरत त्या वीतभर नळकांड्याकडे बघत राहिले.

"ह्यो?"

"हो."

"चार, ते ह्ये चार?"

"हो, काका."

मागून एक म्हातारी खुसकन हसली, म्हणाली, "गो बाय, ह्यात मुरूम किती मावंल?" आणि मग सगळा चढ हसायला लागला. ते हसले ते बरं झालं. न हसता बघत राहिले असते तर मी तिथेच दरीत उतरलो असतो.

काका हसले नाहीत. रागावलेही नाहीत. पोलादपूरचा तो डंपरवाला मोठ्या मिनतवारीनं तयार झाला होता. त्याला काकांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "नको बाबा, आमच्या घरचे चार येतायत." तो गेला दुसऱ्या कामावर. वाडीलाही सांगून झालं होतं, की आता आपल्या रस्त्याला कुणापुढे हात पसरायला नको, विनू वाडीला विसरला नाय. हे मला काकीनं नंतर सांगितलं.

त्या वेळी काका एवढंच म्हणाले, "गाडी बाजूला घ्या. पावणे निघाले असतील."

माणसांनी माझी गाडी चक्क उचलली आणि आंब्याखाली ठेवली. मग दरडीची माती खणून घमेल्या-घमेल्यानं चढावर टाकायला सुरुवात झाली. मीही घमेलं घेतलं. इस्त्रीचा कुडता, पायात ट्रॅकवर घालायचे पातळ तळव्याचे बूट. किती माती पडणार अशी? जेमतेम एक घळ बुजली. तुडीलच्या दोन्ही गाड्या पायथ्याशीच थांबल्या आणि नवऱ्या मुलाकडची मंडळी भरजरी साड्या सावरत पायी चढायला लागली. मुलाच्या आजीला मात्र चालवत नव्हतं. तिला खुर्चीत बसवून खुर्चीला बांबू बांधले. पुढचा बांबू मी धरला. कुणी सांगितलं नव्हतं. पण सांगायला हवं होतं का?

अर्ध्या चढावर वरून आवाज आला, "तूच काय रे तो डंपरवाला?"

"हो, आजी."

"मंग ठीक हाय. आमाला बोलले होते, वर न्यायला डंपर येनार म्हणून. आला की!"

पाहुणेही हसले. चला, निदान त्यांच्या कपाळावरची आठी गेली. पण मुहूर्त टळला. जेवणं गार झाली. पूजा सकाळपासून नटून बसली होती. मी आत गेल्यावर तिनं माझ्या मातीनं भरलेल्या कुडत्याकडे पाहिलं, आणि हसावं की रडावं हे न कळून दोन्ही केलं. डंपरसाठी केलेले झेंडूचे हार काकीनं गुपचूप पाहुण्यांच्या गळ्यात घातले.

पाहुणे गेल्यावर मी काकांजवळ ओट्यावर जाऊन बसलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो.

"काका, माझं चुकलं. तुम्ही रस्त्याचं सांगत होता आणि मी ऐकलंच नाही."

"अरे नाय रे," काका म्हणाले. "माझंच ऐकायला कमी येतं आताशा. खडकावर वारा पण होता."

ओरडले असते तर एक वेळ चाललं असतं हो. माझी चूक त्यांनी स्वतःच्या कानावर घेतली. त्यांचे कान किती तीक्ष्ण आहेत ठाऊक आहे? पलीकडच्या डोंगरावर म्हैस हंबरली तर कुणाची ते सांगतात.

दुसऱ्या दिवशी वाडीवर डंपर आला. खराखुरा! पोलादपूरवालाच घेऊन आला. माझ्या गाडीचं तेलाचं चेंबर फुटलं होतं, ती ओढून महाडला न्यायची होती. दोर बांधता बांधता तो म्हणाला, "काय शेठ, चार होते ना घरचे?" मी खाली बघितलं. जपानी, कोरे करकरीत, टोकाला कडक केलेले चार डॅम्पर, आणि त्यांना ओढायला एक डंपर. सगळी वाडी आदल्या दिवशीच्याच जागी उभी राहून बघत होती. या खेपेला फावडी नव्हती, एवढंच.

त्या महिन्यात ट्रॅकवर गेलोच नाही. गाडी नरेशकडे उभी होती, आणि खरं सांगायचं तर मनही होत नव्हतं.

परवा काकांचा फोन आला. मी टीव्ही बंद केला, खोलीचं दार लावलं, फोन दोन्ही हातांनी कानाला धरला. पूजाच्या लग्नाची तारीख ठरली होती. रस्ताही झाला होता. पंचायतीनं मुरूम टाकला, रोलर फिरवला, आता टेम्पो थेट अंगणात येतो म्हणे. एकेक शब्द नीट ऐकला. मग म्हणालो, "काका, लग्नाला मी काय आणू? काहीही सांगा."



"विनू," काका म्हणाले, "तू एसटीनं ये. आणि बाळा, हात जोडतो, काय म्हंजे काय पण आणू नको."

इतक्या मायेनं मला आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं.