आपलं बॉनेट आपण उघडायचं नाही

क्लचबाईंना हे नाव त्यांच्या आवाजाने मिळवून दिलं. अर्धं आयुष्य त्यांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं. त्या काळात मोठ्या रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही उघड्या खिडकीतून त्यांची आरोळी ऐकू यायची : "क्लच! अहो, क्लच दाबा! ब्रेक नंतर!" कोर्टातले न्यायाधीश, दोन शाळांच्या मुख्याध्यापिका, भाजीवाल्याची थोरली सून, सगळ्यांनी त्यांची बोलणी खाल्लेली. नोकरी संपली तेव्हा स्कूलच्या मालकाने विचारलं, "बाई, निरोपाची भेट म्हणून काय देऊ?" बाईंनी गाडीच मागितली. मोहरीच्या रंगाची, शिकाऊ लोकांनी चारी बाजूंनी ठोकलेली, बाईंच्या पायाशी दुसरा ब्रेक असलेली.

"लोक सोनं मागतात," त्यांचे यजमान म्हणाले. ते निवृत्त हिशेबनीस. गाडी चालवायला कधी शिकले नाहीत. बायकोच्या शेजारी बसून पेपर वाचत त्यांनी संसार केला. "बायका नवऱ्याच्या गाडीला सवत म्हणतात. माझ्यासाठी भाषेत शब्दच नाही. मी तक्रार तरी कशी करू?"

"तक्रार करू नका. दार जरा हळू लावा," बाई म्हणाल्या.

ती गाडी घेऊन बाई जुन्या गाड्यांच्या मंडळात शिरल्या आणि बघता बघता मंडळाच्या सेक्रेटरी झाल्या.

मंडळ रविवारी सकाळी भरायचं, बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या आवारात. जमीन फरशीची, डोक्यावर पत्रा, एका कोपऱ्यात हात धुवायचा नळ आणि कपडे धुण्याच्या साबणाचा काळा पडलेला तुकडा. अध्यक्ष पंपवाले अण्णा. त्यांचा पेट्रोलपंप आता मुलगा बघायचा, त्यामुळे अण्णांकडे रुबाब होता आणि वेळही होता. मंडळाचा एकमेव खरा नियम त्यांनीच केलेला : आपल्या गाडीचं बॉनेट आपण उघडायचं नाही.

मंडळ नवं होतं तेव्हा जो तो आपापल्या इंजिनात डोकं घालून बसायचा. आवारात माणसं असायची, पण दिसायच्या नुसत्या पाठी. कोणी कोणाशी बोलेना. मग अण्णांनी चिठ्ठ्या सुरू केल्या. ज्याला ज्या गाडीची चिठ्ठी निघेल, त्याने त्या गाडीची देखभाल पुढच्या रविवारपर्यंत करायची. मालकाने लांब उभं राहून चहा पाजायचा आणि जीव मुठीत धरायचा. दाताच्या डॉक्टरांनी बाईंच्या गाडीचे प्लग साफ केले ते दात साफ करण्याच्या अवजारांनी. एका गाडीचे मालक दोघे भाऊ होते. घराच्या वाटणीवरून त्यांच्यात अबोला होता, पण गाडी तोडता येत नाही म्हणून ती सामाईक. एक चालवायचा, दुसरा मागे बसायचा. त्या गाडीचा भोंगा बाईंनी दुरुस्त केला, तेव्हा दोघांनी बाईंना वेगवेगळे धन्यवाद दिले. या नियमामुळे मंडळात कोणाचीच गाडी एकट्याची राहिली नाही.

पण माणसं पिकतात, गळतात. एक सभासद मुलाकडे राहायला गेला. तिथे त्याला खोली मिळाली, गाडीला जागा मिळाली नाही. एकाची नजर गेली. एक वारला आणि त्याच्या मुलांनी आठवड्याच्या आत गाडी भंगारात घातली. त्या दिवशी बाई घरी येऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसल्या. दरवर्षी मंडळाची धरणापर्यंत फेरी निघायची. पूर्वी पहिली गाडी घाटात पोचायची तेव्हा शेवटची गावातच असायची. गेल्या वर्षी सगळ्या गाड्या एका वळणात मावल्या.

वार्षिक बैठकीत अण्णा टोपी काढून उभे राहिले. "यंदा दहा गाड्या धरणावर पोचल्या तर मंडळ चालवू. नाहीतर तिथेच मानाने कुलूप. आचके देत जगण्यात राम नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली, भावांनी दोन दिशांना बघत डोलावली. बाईंनी नाही. घरी त्या कोणाची आई होत्या, कोणाची सासू, नातवंडांची आजी, आणि यजमानांसाठी नुसतं 'अगं'. सगळी नाती गोड होती, पण त्यांत क्लचबाई कुठेच नव्हती. ती फक्त रविवारी सकाळी, त्या पत्र्याखाली भेटायची. तिला कुलूप लावायला बाई तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून बाई गाड्या हेरायला लागल्या. दवाखान्याच्या आवारात एक पांढरी छोटी गाडी दिसली. मालकीण नर्स होती. गाडी तिच्याकडे येण्याआधी दोन घरं फिरून आलेली, आणि ही पोरगी ड्यूटी संपवून फोनवर व्हिडिओ बघत स्वतः तिचे ब्रेक बदलत होती, तेही कपड्याला डाग न पाडता. दुसरा सापडला तो एक तरुण. आजोबांच्या गाडीचं जळालेलं इंजिन काढून त्याने तिथे बॅटऱ्या आणि मोटर बसवली होती. डॉक्टरांनी त्याला पहिल्या मिनिटातच 'बॅटरी' म्हणायला सुरुवात केली, आणि तोही ओ द्यायला लागला.

दोघांना घेऊन बाई आवारात आल्या तेव्हा अण्णांनी आधी गाड्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"ही पांढरी? अहो, असल्या माझ्या पंपावर रोज येतात. जुनी म्हणजे तीस वर्षांची, असं ठरलंय आपलं."

"ती होईल हो तीसची. आपण तोवर राहिलो पाहिजे," बाई म्हणाल्या.

"आणि ही? इंजिन काढलेली गाडी म्हणजे पेंढा भरलेला वाघ. दिसतो झकास, डरकाळी कुठाय?"

बॅटरीचे कान लाल झाले. बाई पुढे सरकल्या. "अण्णा, तुमच्या काळ्या राणीचा स्टार्टर एका गाडीचा, दिवे दुसऱ्या गाडीचे, आणि मागची सीट माझ्या सोफ्याच्या उरलेल्या कापडाची. तिच्यात वाघ किती आणि पेंढा किती, मोजायचं का आत्ता?"

भाऊ एकाच वेळी हसले, आणि ते लक्षात येताच दोघेही गप्प झाले.

"बरं, बरं," अण्णा म्हणाले. "फेरीपुरते पाहुणे म्हणून येऊ देत. सभासद नव्हे."

बाईंनी अशाच आणखी काही गाड्या गोळा केल्या. कोणी यायला तयार झाला, कोणी आयत्या वेळी बायकोचं नाव पुढे करून सुटला. शेवटी दहा जमल्या. अगदी दहाच, अकरावी धरून आणायला बाईंकडे ना वेळ उरला होता, ना गोड शब्द.

फेरीच्या आधीच्या रविवारी पाहुण्यांसकट सगळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि अण्णांची काळी गाडी नर्सच्या वाट्याला आली.

काळी राणी म्हणजे मंडळाची नाकातली नथ. तिचं इंजिन उभ्या उभ्या जरा धूर टाकत होतं. कार्बोरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भांड्याचा, एक स्क्रू जुळवायचा होता. नर्सच्या स्वतःच्या गाडीत असलं भांडंच नव्हतं. बाईंनी तिला शिकवलं, अगदी ड्रायव्हिंग शिकवायच्या तसंच. "डोळ्यांनी बघू नकोस. कानाने बघ. आता थोडा आत. थोडा. म्हटलं ना थोडा!"

नर्सने एक हात गाडीच्या अंगावर ठेवला, तापाने फणफणलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवला. धूर थांबला. आवाज एकसारखा झाला. "झालं बाई," ती म्हणाली. "झोप लागली तिला."

अण्णा 'ठीक' म्हणाले. त्यांच्या 'ठीक'मध्ये कुणालाच काही ठीक वाटलं नाही.

फेरीच्या सकाळी दहाही गाड्या रांगेत लागल्या. काळी राणी सर्वांत पुढे. बाईंच्या गाडीत यजमान पेपर घेऊन बसले होते. मुलाबाळांसकट बघे जमले होते. अण्णा प्रत्येक गाडीच्या काचेवर आकडे चिकटवत फिरले, लोकांशी बोलले, फोटोला उभे राहिले. मग आपल्या गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली आणि लगेच विझली. पुन्हा सुरू झाली, खोकली, विझली. पाय दिला तर गुरगुरायची, पाय काढला की मान टाकायची.

"अशी घाटात कशी नेणार?" धाकटा भाऊ हवेत बघून म्हणाला.

म्हणजे नऊ. बाईंनी रांग पुन्हा एकदा मोजली.

सगळ्यांच्या नजरा नर्सकडे वळल्या. "मी नीट जुळवला होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. "बाई, तुम्ही होतात ना? तुम्ही ऐकलंत ना?"

बाईंनी ऐकलं होतं. म्हणून तर त्यांना तिच्याकडे बघवेना. क्षणभर त्यांनी गप्प राहायचा विचार केला. कोणाला काय कळणार होतं? मग त्यांनी हाताचं बोट वर केलं, वर्गात मुलं करतात तसं.

"मी मघाशी फिरवला," त्या म्हणाल्या. "अण्णा फोटोला उभे होते तेव्हा. अर्धा फेरा, आतल्या बाजूला. मला वाटलं, पोरीचा पहिलाच हात, न जाणो. मीच शिकवलं आणि माझाच विश्वास नव्हता. चुकलं माझं."

नर्स त्यांच्याकडे बघत राहिली. अण्णांनी तोंड उघडलं, पण त्याआधी डॉक्टर खाकरले.

"मी पाव फेरा. आतच. काळजीपोटी हो."

"मी अर्धा," थोरला भाऊ म्हणाला.

"मीही अर्धा," धाकटा म्हणाला. मग कित्येक वर्षांनी तो थोरल्याकडे वळून म्हणाला, "तू फिरवलास तर सांगायचंस ना मला!"

"तू बोलतोस का माझ्याशी?"

बाईंच्या गाडीच्या खिडकीतून यजमानांनी पेपर खाली केला. "बाळंतीण एक आणि सुइणी सात. मग असंच व्हायचं."

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. "आता कोणीही गाडीला हात लावायचा नाही. चिठ्ठी हिची आहे. आपण आपापलं पाप सांगायचं, फिरवणार ही."

नर्सने बॉनेट उघडलं. एकेकाने पुढे येऊन आपला हिशेब सांगितला आणि तिने तेवढाच स्क्रू मागे आणला. अण्णांनी किल्ली फिरवली. गाडी या वेळी जास्त वेळ टिकली, थरथरली, आणि पुन्हा बसली.

नर्सने कान दिला. "अजून कोणीतरी आहे," ती म्हणाली. "थोडंसंच राहिलंय."

आता सगळे बॅटरीकडे बघायला लागले. डॉक्टर तर दोन पावलं त्याच्याकडे सरकलेसुद्धा. "बोल रे बाबा, लाजू नकोस. आम्ही सगळ्यांनीच खाल्लंय शेण."

"मी नाही," बॅटरी म्हणाला.

"मनात तरी आलं असेल?"

"मनात आलं. आवाज बिघडलेला कळत होता मला." त्याने खांदे उडवले. "पण चिठ्ठी माझी नव्हती."

तेवढ्यात काळ्या गाडीचं दार उघडलं. अण्णा बाहेर आले, टोपी काढली, आणि ती बॉनेटवर ठेवावी की हातात धरावी हे त्यांना कळेना.

"पाव फेरा," ते म्हणाले. "काल संध्याकाळी. पंपावर."

"कोणी?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी. कोणी म्हणजे काय? माझी गाडी, मी."

ज्या माणसाने नियम केला, त्यानेच आपलं बॉनेट स्वतः उघडलं होतं. नर्सने पाव फेरा मागे घेतला. अण्णा आत बसले. किल्ली फिरली आणि काळी राणी अशी सुरू झाली की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये.

बाईंना वाटलं, पोरीला मिठी मारावी. त्यांनी मारली नाही. "हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "साबण आहे नळावर." पण नर्सने त्यांच्या चेहऱ्यावर जे बघायचं ते बघितलं, आणि जाता जाता बाईंच्या दंडावर काळं बोट उठवून गेली.

दहाही गाड्या धरणावर पोचल्या. एकीचं पाणी उकळलं, एकीचा आरसा गळून पडला, पण पोचल्या. भिंतीजवळ रांग लागली तेव्हा अण्णांनी गाड्या मोजल्या नाहीत. ते सरळ बॅटरीच्या गाडीपाशी गेले, तिच्याभोवती एक चक्कर मारली, आणि म्हणाले, "तुझ्या त्या डब्यांमध्ये जुळवायला काही असतं का रे? की आमच्यापैकी कोणाला तुझी चिठ्ठी निघाली तर त्याने नुसतं बघत बसायचं?"

"असतं की. शिकवीन."

"मला शिकवशील? मी म्हातारा आहे, लवकर चिडतो."

"दिसलं ते मघाशी," बॅटरी म्हणाला, आणि अण्णा आधी दचकले, मग पोट धरून हसले.

थोड्या वेळाने ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हे तीस वर्षांचं कलम काढून टाका. गाडी कितीची का असेना. चिठ्ठीचा मान ठेवणारा माणूस हवा, आणि तो यंदा आपल्या जुन्यांमध्ये एकही निघाला नाही. सेक्रेटरीबाई, पुढच्या फेरीची तारीख ठरवा. आणि या दोघांना पाहुणे म्हणायचं बंद करा."

बाईंनी 'बरं' म्हटलं आणि टायरमधली हवा तपासायला खाली वाकल्या. टायरमध्ये हवा भरपूर होती. यजमानांनी दार उघडून त्यांना रुमाल दिला आणि पुन्हा पेपरमध्ये तोंड घातलं.

उतरताना अण्णांनी बाईंना पुढे व्हायला सांगितलं. मंडळाच्या फेरीत काळ्या राणीच्या पुढे आजवर कोणी गेलं नव्हतं. बाईंनी काचा खाली केल्या. मागून घाटभर आवाज येत होते. काळ्या राणीची संथ घरघर, डॉक्टरांच्या गाडीची शिट्टी, नर्सच्या गाडीचा बारीक, एकसुरी नाद, आणि भावांच्या गाडीतून इंजिनाच्याही वर चाललेलं दोघांचं भांडण. कोण कुठे आहे ते बाईंना कानाने कळत होतं. फक्त एक गाडी आवाज करत नव्हती. ती आली की नाही हे बघायला त्यांना दर वळणावर आरशात बघावं लागायचं. त्या बघत होत्या, आणि ती दिसल्याशिवाय पुढचा गिअर टाकत नव्हत्या.