पत्रू गुरुजीच्या लाल मासोळ्या

पत्रू मांदाडे म्हणजे आमच्या चिचटोल्याच्या शाळेचा गुरुजी. जातीनं ढिवर, माझ्यासारखाच. बाप तलावात जाळं टाके, आजाही तेच करे. आजकाल लोकं मले म्हणतात, "प्रेमिला, तूनं गुरुजीले वाचवलं." ऐकून डोकं भणकते माझं. वाचवलं म्हणे! काय झालं ते आधी ऐका, मंग बोला.

गुरुजीले जपानचं वेड लागलं ते चंद्रपुरात. शिक्षकाचं शिक्षण घ्याले गेला होता. तिथी खोलीतल्या पोट्ट्यायनं त्याची सुक्या मासोळ्यायची पिशवी खिडकीतून रस्त्यावर फेकली. "ढिवऱ्या, खोली गंधाते," म्हणे. हा भांडला नाई. पिशवी उचलाले खाली गेला, तर बाजूच्या रद्दीवाल्याकडं त्याले एक पुस्तक दिसलं. जपानातल्या लेकरायचं, पानोपानी रंगीत चित्रं. त्या चित्रायत चांगले धुतले कपडे घातलेले लोक मासोळी खात होते, अन् तेही मानानं, सारे एका पंगतीत बसून. तेव्हापासून ते पुस्तक त्याच्या पिशवीतून निघालं नाई. चित्रायखाली इंग्रजी लिहिलं होतं, ते यानं शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावली.

मंग काय बापा, शाळेत जपानच जपान! सत्तावीस पोट्टे अन् दोन खोल्या. चपला दाराबाहेर रांगेत, बोटं बाहेरच्या बाजूनं. झाडू पोट्ट्यायनंच मारायचा, गुरुजी सुद्धा हाती घेणार. कोणी मोठं आलं की हात मांडीले लावून कमरेतून वाकायचं. आकडे मोजायचे तर इची, नी, सान, शी. त्या 'शी'ले पोट्टे असे खिदळत की रस्त्यावर ऐकू ये. डबा उघडला की आधी हात जोडून 'इतादाकिमास'. म्हणजे ज्या मासोळीनं, ज्या धानानं आपल्यासाठी जीव देल्ला त्याले आधी राम राम, असं गुरुजी समजावे.

मी शाळेच्या मागंच राहो. नवरा आंध्रात मिरची तोडाले गेला तो परत आलाच नाई. चार वर्षाची साधना अन् एक शिलाई मशीन, एवढाच माझा संसार. मी गुरुजीची टिंगल करो. "गुरुजी, जपान राह्यलं तिकडं, पोट्ट्यायले पाढे तरी येतात का?"

"पाढे येतात बाई. मान वर करणं येत नाई, ते शिकवून राह्यलो."

नव्याण्णव सालच्या एप्रिलात पुस्तक घेऊन तो माझ्या दारात आला. एका पानावर उंच बांबू अन् त्याले लटकलेल्या कापडाच्या मोठ्या मोठ्या मासोळ्या, हवेनं फुगलेल्या. तिथी मे महिन्यात लेकरायचा सण असते म्हणे, घरोघरी अशा मासोळ्या उडवतात, कारण ती मासोळी धारेच्या उलट पोहत वर जाते.

मी म्हटली, "हा तर आपला रोहू होय!"

"रोहूचाच भाऊ. एका पोट्ट्याले एक, अशा सत्तावीस शिवून दे बाई. निकालाच्या दिवशी तलावाच्या बांधावर, पारीवर लावू. ढिवराच्या लेकराले एक दिवस तरी मासोळीची लाज नाई वाटली पाह्यजे."

माझ्याकडं परकरायचं उरलेलं कापड पडून होतं. लालभडक. दुसरा रंग नव्हता. ना मी विचार केला, ना त्यानं. निकाल एक मेले असते, हे दोघायलेही माहीत होतं. आमच्या जंगलात एक मेले लाल कापड कोण बांधते, हेही माहीत होतं. पण पोट्ट्यायच्या मासोळ्या पाहून कोणाच्या मनात बंदूक येईन? आमची अक्कल तिथीच माती खाऊन गेली.

एक मेच्या सकाळी शाळेवर झेंडावंदन झालं, निकाल वाटले, अन् पारीवर सत्तावीस लाल मासोळ्या उडाल्या. पोट्टे नाचत होते. दहा वाजता पलीकडच्या झाडीतून पोलिस निघाले. आधी हवेत गोळ्या झाडल्या. पोट्टे चिखलात पडले, काहीजण तिथीच मुतले. गुरुजी ओरडला, "उभे राहा, पळू नका!" ते उभे राह्यले. अन् समोर मोठी माणसं आली म्हणून शिकवल्यासारखे सारेच्या सारे कमरेतून वाकले.

एका शिपायाले वाटलं पोट्टे चेष्टा करून राह्यले. त्यानं पुढच्या सूरजच्या कानफटात अशी हाणली की त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली.

त्यायच्या साहेबानं बांबू पाडले, एक मासोळी उलटी करून शिवण पाह्यली. "हे मशीनचं काम आहे. कोणी शिवलं?"

मी मागं मागं सरकली. कारण सांगते. दोन महिन्यांपासून पोलिस जंगलातल्या लोकायचे, नक्षल्यायचे, गणवेश शिवणारा शिंपी शोधत होते. शिमग्याले बाजूच्या गावचा झिंगू शिंपी उचलला होता. घरी आला तो रक्त मुतत, अन् पंधरा दिवसायत मेला. मी कोणाचा गणवेश शिवला नाई, साधनाची शपथ! पण झिंगूनंही शिवला नव्हता.

"कुरखेड्याच्या बाजारातून शिवून आणल्या साहेब, शिंप्याचं नाव माहीत नाई," गुरुजी म्हणाला.

पहिली काठी त्याच्या पाठीवर बसली. मी घरी पळाली, मशीन उचलून धानाच्या तणसीच्या ढिगात घातली अन् वर तणीस ओढून साधनाले घेऊन तिच्यावरच बसली. तलाव माझ्या घरापासून वीस पावलं. सारं ऐकू येत होतं. काठीचा आवाज, मंग त्याचा, मंग "नाव सांग", मंग परत काठी. त्याचा डावा हात दगडावर ठेवून बुटानं बोटं चेचली, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त किंकाळी ऐकली. मी साधनाच्या तोंडावर हात दाबून बसली होती. गुरुजी माझं नाव घेईन, आता घेईन, एवढंच मनात. अन् त्याच्यासाठी नाई, माझ्यासाठी देवाचा धावा करत होती.

त्यानं नाव घेतलं नाई. त्याले गाडीत टाकून नेलं. मासोळ्या तिथीच जाळल्या.

एकोणीस दिवसानं तो आला. तालुक्यातल्या शिक्षकायनं अर्जावर अर्ज देल्ले म्हणून सोडला. डावा कान फुटलेला, डाव्या हाताची तीन बोटं वाकडी. मी त्याच्या घरी गेली तर म्हणते कसा, "बाई, खडू उजव्या हातानं धरतो मी, काळजी करू नको." त्याची बायको रुखमा हळद गरम करत होती, तिनं मागं वळूनही पाह्यलं नाई.

पण पोलिसायनं सोडलं, हाच त्याचा गुन्हा झाला. त्याच हप्त्यात बाजूच्या टोल्यावरचा देवराव पकडला गेला. तो जंगलातल्यायले धान्य पोचवे. झालं! गुरुजीनं नाव देल्लं म्हणून सोडला, अशी बोंब उठली.

जूनमध्ये भर दुपारी जंगलातले ते लोक आले. दहा-बारा जण, खांद्यावर बंदुका. सारं गाव पारीवर बसवलं अन् गुरुजीले मोहाच्या झाडाले बांधलं. त्यायचा पुढारी पंचविशीचा पोरगा असन. "पोलिसायनं तुले काऊन सोडलं? किती नावं देल्ली?"

"एकही नाई."

"खोटं. पोलिसाच्या हातून नाव न देता कोणी जिवंत येत नाई."

एकानं कुऱ्हाडीचा दांडा घेतला, पातं काढून. गुरुजीचा उजवा हात दगडावर ताणून धरला. पुढारी म्हणाला, आधी हात, मंग डोकं.

पहिला फटका पडला. रुखमा ओरडत धावली, तिले बंदुकीच्या दस्त्यानं खाली पाडलं. मी साधनाले कडेवर घेऊन उभी. गुरुजीनं नाव देल्लं नव्हतं याचा जिता-जागता पुरावा म्हणजे मी, अन् हे त्या पारीवर दोघायलेच माहीत होतं, त्याले अन् मले. बोलली तर शंभर लोकं ऐकतीन, त्यातला एकही ठाण्यावर बोलला तर मी झिंगूच्या वाटेनं जाईन. दुसरा फटका. साधनाचं काय होईन? तिसरा. हाड मोडल्याचा आवाज आला. त्यानं एकदाच माझ्याकडं पाह्यलं अन् मान हलवली, नको म्हणून. चौथा.

पाचव्याले मी साधनाले बाजूच्या बाईच्या मांडीवर टाकलं अन् पुढं गेली.

"मासोळ्या मी शिवल्या! पोलिस शिवणारीचंच नाव मागत होते. यानं एक नाव देल्लं असतं ना, तर ते माझं असतं. मंग मी इथी उभी असती काय रे? मशीन माझ्या तणसीत आहे, जा पाहून या!"

पोरानं माणूस पाठवला. मशीन सापडली. तो माझ्यासमोर येऊन म्हणाला, "पोलिसायले कळलं तर?"

"तर नेतीन."

"एवढ्या उशिरा काऊन बोलली?" अन् दस्ता माझ्या जबड्यावर हाणला. दोन दात पडले. गुरुजीले सोडलं अन् ते निघून गेले.

त्यायनंच पुकारलेला बंद होता, बस नव्हती. तिसऱ्या दिवशी चंद्रपूर गाठलं. हात सडला होता. डॉक्टरनं कोपराच्या वरून कापला.

शंभर लोकं होती पारीवर, पण ठाण्यावर एकानंही तोंड उघडलं नाई. मले कोणी न्याले आलं नाई, आजपर्यंत. गुरुजी शिकवतो अजून. फळ्यावर पोट्टे लिहितात, तो सांगतो. पुस्तकाचं पानही पोट्टेच उलटतात. मले म्हणतो, "बाई, तू होती म्हणून वाचलो."

रुखमा तसं म्हणत नाई. पारीवर तिनंही मोजलं होतं. पहिल्या फटक्याले मी जागची हलली असती तर तिच्या नवऱ्याचा हात जागेवर असता. ती मले एक शब्द वाकडा बोलली नाई. दारावरून जाते, साधनाले हाक मारते, बोरं देते. पण चोळी शिवाले अजूनही कुरखेड्याले जाते. तिचं बरोबर आहे.