अडकित्त्यावरची गोळी

"तुला अर्धी बास."

समोरच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचं, मानेवर आणि मिशीवर नजर जरा जास्त वेळ ठेवायची आणि हे वाक्य त्याच्या तोंडावर फेकायचं, ही त्याची रीत होती. मग गल्ल्यामागच्या पत्र्याच्या डबीतून निळी गोळी निघायची, अडकित्त्याच्या पात्याखाली जायची आणि कट्ट करून तिचे दोन तुकडे व्हायचे. त्याच अडकित्त्यात मिनिटभरापूर्वी सुपारी कातरलेली असायची. एक तुकडा कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या मुठीत जायचा आणि दुसरा परत डबीत.

म्हसवडच्या अलीकडच्या एका गावात मी सरकारी दवाखान्यात औषधं देतो. दवाखान्याच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्याची पानपट्टी होती. माझ्या खिडकीतून त्याचा अडकित्ता दिसायचा, हे माझं दुर्दैव. मी रीतसर शिकलेला, नोंदणी झालेला माणूस. साधी तापाची गोळी देतानाही चिठ्ठी बघतो, वय विचारतो. आणि हा सातवी नापास गृहस्थ मिशी बघून डोस ठरवायचा. मला त्याचा मनापासून तिटकारा होता. तो लपवायचा मी कधी प्रयत्नही केला नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. नीट बघा, सापडेल. त्याच्याकडे पदवी नसते, पण लोकांना नेमकं काय विचारायला लाज वाटते हे त्याला ठाऊक असतं. तेवढ्यावर त्याचं दुकान चालतं.

एकदा मी रस्ता ओलांडून त्याला समजवायला गेलो. म्हटलं, "अहो, पुरुषांची ही ताकदीची गोळी डॉक्टरनं तपासून द्यायची असते. आधी बीपी बघावं लागतं, हृदय बघावं लागतं. छातीत दुखलं की जिभेखाली जी गोळी ठेवतात ना, ती आणि ही एकाच अंगात गेल्या तर रक्तदाब धाडकन कोसळतो. माणूस जागेवर जातो."

त्याने चुना लावता लावता वर पाहिलं. "सायेब, माझ्याकडं हार्टवाला येत न्हाई. हार्टवाला गडी म्या चालीवरनं वळखतो."

"मग चष्म्याचा नंबरही चालीवरनंच काढत असाल."

"त्यो न्हाई जमत," तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. "पान बांधू का?"

अशा माणसाशी काय बोलणार? मी वर अर्ज केला. मग वरून एक माणूस आला. तो पानपट्टीवर गेला, पान खाल्लं, लाल ओठांनी माझ्याकडे बघून हसला आणि निघून गेला.

पुढे दवाखान्यात डोळे तपासणीचं शिबिर होतं. पन्नाशीचा एक मेंढपाळ घाबराघुबरा होऊन आला. "डॉक्टर, कालच्यान मेंढरं निळी दिसाय लागल्यात." शिबिराच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू बघितला, काचबिंदू बघितला, हाती काही लागेना. माणूस तर नुसता घाम पुसत होता. मी जवळ गेलो, त्याच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावणारी कागदाची पुडी बघितली आणि काय ते समजलो. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "किती घेतली?" त्याने खाली बघत दोन बोटं वर केली. दोन अर्ध्या, त्याही दोन वेळांना नव्हे, एकदमच. मी त्याला सांगितलं की या गोळीने काहींना असं दिसतं, पण होतं असं म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं आणि तपासल्याशिवाय पुन्हा घ्यायची नाही. त्याने मान डोलावली. ती पुन्हा न घेण्यासाठी डोलावली की मी गप्प बसावं म्हणून, ते देव जाणे.

त्या दिवशी मी चिडून पुन्हा पलीकडे गेलो. म्हटलं, "मला नावं द्या. कोणकोण नेतं तेवढं सांगा. मी त्यांना दंडाधिकाऱ्यापुढे उभं करणार नाही. नुसतं बोलावून बीपी बघतो, कोणाला हृदयाची औषधं चालू आहेत का ते बघतो."

"नाव सांगनारा मानूस न्हाई मी."

"मरेल कोणीतरी."

"आवं सायेब," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा हात थांबला. "सा-सा म्हैने मेंढरामागं फिरतो गडी. घरी येतो चार दिस. बायको वाट बघत असती, आन् ह्याला भ्या वाटतं. कुनाला सांगंल? तुमच्या डाक्टर मॅडमला? तिथं वळीत धा बाया बसल्याल्या असत्यात. माझ्याकडं येतो, म्या अर्धी देतो. अर्धी दिली की त्याला वाटतं, आपलं दुखणं बी अर्धंच हाय."

उत्तर मला आवडलं, म्हणून मी आणखी चिडलो. आमच्या दवाखान्यात खाजगीत बोलायला जागा नव्हती हे खरं होतं. पडदा होता, पण पडद्याला कान असतात. तरी त्याच्या डबीतल्या गोळ्या कुठून येतात, त्यांची मुदत कधी संपली, त्यांत खरंच काय आहे, याचा पत्ता त्यालाही नव्हता. दयाळू अडाणीपणाने मेलेला माणूस काही कमी मेलेला नसतो.

गेल्या आखाडातली गोष्ट. संध्याकाळी पाचच्या सुमारास मी खिडकी बंद करत होतो, तेव्हा पानपट्टीपुढे माजी सरपंच उभे दिसले. गावातलं मोठं घराणं, साठी उलटलेली, बीपीच्या गोळ्या दर महिन्याला माझ्याच हातून नेणारे. मला जरा नवल वाटलं, कारण सरपंचांना कवळी होती आणि ते पान खात नसत. काहीतरी चढ्या आवाजात बोलून ते मूठ झाकून निघून गेले. मला कळायला हवं होतं. कळलंच होतं, खरं म्हणजे. पण घरी जायची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता त्यांना जीपमधून आणलं. छातीत कळ, अंगभर घाम. बरोबर दोन भाऊ, चार पुतणे आणि आदल्या दिवशी मुक्कामाला आलेले व्याही. आमच्या मॅडम, म्हणजे डॉक्टर, वयाने सरपंचांच्या मुलीएवढ्या. त्यांनी दोनदा "सगळे बाहेर व्हा" म्हटलं. बाहेर कोणी गेलं नाही. आमच्याकडे आजारी माणसाजवळून हलणं म्हणजे नातं तोडणं.

मॅडमनी बीपी बघितलं. एरवी चढं असणारं बीपी त्या दिवशी खालीच होतं. त्यांचा हात थबकला. त्यांनी वाकून हळूच विचारलं, "काका, पुरुषांची ताकदीची गोळी कालपासून घेतलीत का? घेतली असेल तरी काही बिघडत नाही. फक्त मग ही जिभेखालची देता येत नाही, आपण दुसरं औषध देऊ."

हळूच विचारलं तरी खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं. व्याही छताकडे बघू लागले.

"मला काय धाड भरलीय?" सरपंच दम लागत असतानाही ओरडले. "आमी काय तसलं वाटलो व्हय तुमाला?"

"आवं मॅडम, इचारत काय बसलाय!" थोरला भाऊ कावला. "ठिवा की जिभंखाली गोळी! मानूस जाईल आमचा!"

ती इवलीशी गोळी मॅडमच्या चिमटीत होती. मी म्हटलं, "मॅडम, दोन मिनिटं थांबा, देऊ नका," आणि पळालो.

पानपट्टीच्या बाकड्यावर पाच-सहा जण बसले होते. मी धापा टाकत मोठ्याने विचारलं, "काल सरपंचांना दिलीत का?"

"काय?" त्याने पानावर कात लावायला सुरुवात केली होती.

"छातीत कळ आलीय त्यांना. ते नाही म्हणतायत. तुम्ही दिली असेल तर जिभेखालची गोळी त्यांना मारेल. लवकर बोला."

त्याने बाकड्याकडे पाहिलं. बाकड्यावरच्या प्रत्येकाने कधी ना कधी त्याच्याकडून पुडी नेलेली होती. आज मला खात्री आहे, तेव्हा अंदाज होता. सगळे त्याच्याकडेच बघत होते आणि कोणीही पापणी हलवत नव्हतं. त्याने हातातलं पान खाली ठेवलं, हात पायजम्याला पुसले आणि माझ्यामागून रस्ता ओलांडला. पायात चप्पल घालायचंही त्याला सुचलं नाही.

खोलीत शिरून तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला.

"सरपंच, काल सांजच्याला म्या दिलीय तुमाला. अर्धी बास म्हनलो, तर तुमी शिवी दिली आन् आख्खी नेली. खाल्ली का न्हाई तेवढंच सांगा."

सरपंचांनी डोळे मिटले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मॅडमनी चिमटीतली गोळी परत ट्रेमध्ये टाकली आणि भराभर दुसरी औषधं सांगायला सुरुवात केली. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांसाठी लिहिलेल्या चिठ्ठीत त्यांनी निळ्या गोळीचा आणि ती घेतल्याच्या वेळेचा उल्लेख ठळक केला. सरपंच वाचले. पंधरा दिवसांनी गावात परत आले, काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी.

आता त्या माणसाची आरती ओवाळावी असं मी म्हणणार नाही. सरपंचांना कड्यावर नेऊन उभं त्यानेच केलं होतं. छातीची कळ सोसतील, पण कोणी अर्धी म्हटलेलं सोसणार नाहीत, असल्या माणसांना तो वर्षानुवर्षं मिशीच्या मापाने औषध विकत होता. माझा तिटकारा तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त तो वाटून द्यायला आता आणखी माणसं मिळाली.

कारण गावाने जे केलं ते ऐका. मला वाटलं होतं, लोक म्हणतील याने सरपंचांना मारलंच असतं. तसं एकजणही म्हणाला नाही. लोक म्हणाले, "त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाई." इतकी वर्षं त्याच्या हातचे तुकडे गिळणारे, त्याच्या बाकड्यावर बसून गावाला शहाणपण शिकवणारे, सगळे एका रात्रीत पलीकडच्या स्टँडवर तंबाखू घ्यायला लागले. गोळी विकली हा गुन्हा नव्हता. बोलला, हा गुन्हा. सरपंचांचा पुतण्या तर भर चौकात म्हणाला, "व्याह्यासमोर अब्रू घेतली आमची." जीव वाचला त्याचं कुठे नावच नाही.

श्रावण संपेपर्यंत त्याचं बाकडं रिकामं पडलं. पानं सुकून जायची. तो सकाळी पाणी मारून बसायचा आणि संध्याकाळी उठायचा. मी खिडकीतून बघायचो. जाऊन एक पान खावं असं दोनदा मनात आलं. गेलो नाही. मी पान खात नाही, हे त्याचं कारण नव्हतं.

एके दिवशी तोच माझ्या खिडकीशी आला. हातात ती पत्र्याची डबी. "ह्या जाळा, न्हाईतर काय करायचं ते करा. उकिरड्यावर टाकल्या तर कुत्रीबित्री खात्यात." लेक सांगलीला दिलेली होती, ती त्याला न्यायला आली होती.

मी डबी घेतली. आत पंधरा-वीस तुकडे होते, सुपारीच्या भुग्याने माखलेले. मी विचारलं, "माझ्या कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. आत यायची काय गरज होती?"

"तुमच्या कानात सांगितलं असतं तर तुमी जाऊन म्हनला असता, पानवाला असं म्हनतो. सरपंच म्हनलं असतं, खोटं हाय. मग मॅडमनं कुनाचं ऐकायचं? समोर गेल्याबिगार भागत नव्हतं, सायेब."

इतका सरळ विचार त्याने तेव्हा केला होता. एवढ्या वर्षांत मी त्याला अडाणी याखेरीज दुसरं विशेषण लावलं नव्हतं. आभाराचे दोन शब्द माझ्या ओठांवर आले होते, पण मी सरकारी आवाजात "ठीक आहे, ठेवून जा" म्हणालो. तो गेला. पानपट्टीचा पत्रा आठवड्याभरात कोणीतरी उचलून नेला.

त्यानंतर मॅडमनी दवाखान्यातली एक अडगळीची खोली रिकामी करून घेतली आणि पुरुषांसाठी बुधवार ठेवला. दार बंद करून बोलता येतं. दोन महिन्यांत तिघे आले. बाकीचे कुठून घेतात, कोण मिशी मोजतं, मला माहीत नाही. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणे.

सरपंच मात्र महिन्याच्या महिन्याला येतात. आता औषधं वाढली आहेत. मागच्या वेळी ओळीत आठ-दहा माणसं होती. सरपंचांनी पिशवी पुढे केली, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं झालं, घाण गेली समोरची."

ओळीतले दोघे हसले. माझ्या तोंडाशी आलं होतं, की त्या घाणीनेच तुम्हाला आज इथे उभं ठेवलंय. एवढंच वाक्य होतं. पण मागे माणसं होती, त्यांत सरपंचांचा जावई होता, आणि म्हातारपणी चारचौघांत त्यांची मान खाली जावी असं मला वाटेना. मी गोळ्या पिशवीत टाकल्या, सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती ते समजावून सांगितलं आणि पुढचा नंबर पुकारला.