शीगमास्तर

भोरच्या बाजारात शीगमास्तर धान्य घ्यायला आले की दुकानदार कपाळाला हात लावायचे. माप भरून वर दाण्यांची शीग उभी राहिली की मास्तर हात वर करून सगळ्यांना गप्प करत. "शेवटचा दाणा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही!" मागची गिऱ्हाइकं खोळंबायची. घरंगळणारा शेवटचा दाणा कुठेतरी टेकला की मास्तर प्रसन्न होऊन पिशवी पुढे करत.

आमच्या शाळेत ते शास्त्र शिकवायचे आणि मी मराठी. ढीग हा त्यांचा एकच विषय. नाचणीचा असो की वाळूचा, लहान असो की डोंगराएवढा, कोरडा ढीग आपल्या ठरलेल्या उताराहून जास्त उभा राहत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. "लोक म्हणतात, पृथ्वी ढिगाला खाली ओढते. अहो, पण दाण्यावर दाणा दाबून धरते तीही तीच!" हे सांगताना त्यांचे डोळे चमकत.

वेल्ह्याकडे तेव्हा नवा रस्ता होत होता. डोंगर कापून निघालेला मुरूम एका धनगरवाडीच्या डोक्यावर टाकला होता. त्या ढिगाच्या आडोशाला वारा लागत नाही, म्हणून वाडीतल्या धोंडाबाईला तिथेच शेळ्यांचं वाडगं घालायचं होतं. तिने विचारलं तेव्हा मास्तरांनी ओळंबा लावून उतार पाहिला आणि म्हणाले, "ढीग बसलाय. खुशाल घाला."

आषाढातल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. वहिनींची कणकेची परात पळवून मास्तरांनी तिच्यात मुरमाचा ढीग केला होता. ताट वाढलेलं असूनही ते त्यावर तांब्याने पाणी घालत होते. थोडं पाणी पडलं तेव्हा ढीग अधिकच घट्ट झाला. आणखी घातलं, आणि सगळा ढीग लापशीसारखा परातभर पसरला. मास्तर भरल्या ताटावरून उठले. "पाण्याने पकड सुटते हो, ओढ मात्र तशीच राहते. मी कोरड्याचा हिशेब सांगून आलो!"

वाडीकडे जाणारी एसटी अर्ध्या वाटेत थांबली. पुढे चिखलातून आम्ही चालत गेलो. मी वाटभर कुरकुरत होतो, त्यांना ऐकूच येत नव्हतं.

धोंडाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमीच म्हनला व्हता न्हवं, ढीग बसलाय म्हून?"

"म्हणालो होतो. चुकलो. शेळ्या हलवा."

"आन् न्यायच्या कुठं? वाऱ्यानं करडं गारठून मरत्याल की."

मास्तरांनी एक करडू उचलून कोटात घेतलं आणि पलीकडच्या देवळाच्या पडवीकडे चालू लागले. बडबडत का होईना, धोंडाबाई शेळ्या घेऊन त्यांच्यामागे निघाली.

त्या पावसाळ्यात ढीग काही पडला नाही. पुढे कित्येक दिवस भोरात मास्तरांची टर उडत होती. ते म्हणाले, "नाही पडला तेच बरं झालं. तो काय माझी अब्रू राखायला पडणार होता?" मला तेव्हा हा माणूस फार आवडला.

दोन-तीन वर्षांनी, एका हिवाळ्यात, छातीत कफ होऊन मास्तर गेले. बाजारात शीग उभी राहिली की मी अजून गप्प होतो.

त्या हिवाळ्यानंतरचा आषाढ सरल्यावर धोंडाबाई माझ्या दारात आली.

"ढीग आला की वं खाली! वाडगं समदं गाडलं."

"आणि करडं?"

"ती देवळात व्हती. दर आखाडाला आमी हलवतोच. न्हाई हलवली तर मास्तर परत पावसात चालत येत्याल. त्यास्नी कशाला भिजवायचं?"

मास्तर गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. "ही त्यांची नाचणी. तुमचं घर वाटंवर हाय, त्यास्नी तुमीच द्या," म्हणत तिने लुगड्याचा ओचा सोडून माझ्यापुढच्या सुपात नाचणी ओतली. शीग उभी राहिली आणि दाणे घरंगळू लागले. मी हात वर केला. तीही गप्प झाली. मास्तरांची सवय तिने भोरच्या बाजारात पाहिली होती.

शेवटचा दाणा थांबला. आता मला बोलणं भाग होतं.