हाल्डिंगला वेळ सांगणारी आर्डिस

हाल्डिंग गावात आणि आसपासच्या शेतांवर 'आर्डिसला विचार' याचा अर्थ एकच होता. फोन उचलायचा, टेलिफोन सहकारी संस्थेचा ठरलेला नंबर लावायचा आणि ऐकायचं. पलीकडून आर्डिस रुस्टाडचा आवाज सांगायचा, किती वाजले आणि बाहेर शून्याखाली किती उतरलंय. नॉर्थ डकोटाच्या त्या भागात जानेवारीत वेळेपेक्षा थंडीचाच आकडा कामाचा. गाडी सुरू होईल का, पोरांना टोपीवर आणखी एक टोपी घालायची का, बिटाच्या ट्रकचं इंजिन विजेवर गरम ठेवायचं का, हे सगळं आर्डिसला विचारून ठरायचं.

आवाज तिने पंचवीसएक वर्षांपूर्वी दिला होता. त्याआधी ती बोर्डावर बसून, भोकांत वायरी खुपसून लोकांचे फोन जोडून द्यायची. मग आपोआप फोन जोडणारं एक्स्चेंज आलं आणि बाकीच्या मुली घरी गेल्या. आर्डिस बिलांच्या टेबलावर राहिली, आणि तिचा आवाज मागच्या खोलीतल्या टेपच्या फिरत्या पट्टीच्या यंत्रात राहिला. दोन मुलगे मोठे होऊन मिनियापोलिसला गेले, केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले. यंत्रातली आर्डिस मात्र होती तिथेच होती. दुपारी ऑफिसात शुकशुकाट असला की ती कधीकधी स्वतःच तो नंबर लावायची. वेळ तिला समोरच्या घड्याळात दिसायची. ऐकायचं असायचं ते दुसरंच.

नव्व्याण्णव साल उजाडलं आणि जो तो दोन शून्यांबद्दल बोलायला लागला. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे लक्षात ठेवणारी यंत्रं दोन हजार साल लागताच गोंधळतील, फोन बंद पडतील, आगीचा बंब बोलावता येणार नाही, असं टीव्हीवर रोज सांगत. संस्थेचा मॅनेजर लायल ब्रेके हाच एक्स्चेंजचाही माणूस. त्याने एक्स्चेंजच्या खोलीतल्या एकेका यंत्राच्या कंपनीकडून ते यंत्र सुरक्षित असल्याचा दाखला मागवायला सुरुवात केली. सगळ्यांचे दाखले आले. वेळेच्या यंत्राचा आला नाही. ती कंपनी कधीच बुडाली होती.

"अरे, पण माझ्या यंत्राला वर्ष ठाऊकच नाही," आर्डिस म्हणाली. "त्याला वारसुद्धा ठाऊक नाही. तास, मिनिटं आणि थंडी. ते बिघडणार कसं?"

लायल लहानपणी चर्चमधल्या तिच्याच रविवारच्या शाळेत बसलेला. तिचा साहेब झाला तरी तिच्यापुढे त्याची मान थोडी खालीच असे. "मला कळतंय हो, आर्डिस. पण विमावाल्यांना दाखला हवा, सरकारला दाखला हवा. दाखला नाही म्हणजे यंत्र नाही."

"मग नवीन आण. पट्टीवर मी पुन्हा बोलते."

लायल खिशातली पेनं नीट लावत बसला. "संचालक म्हणतात, दोन आवाज ऐकून बघू. नवं यंत्र वार आणि तारीखही सांगणार आहे. शब्द बरेच आहेत. जनेलनेही नमुना द्यावा, असं त्यांचं..."

जनेल कॉप वर्षभरापूर्वी फार्गोहून आली होती. शाळेतल्या नव्या बँड-मास्तरची बायको, वय तिशीच्या आसपास. ऑफिसच्या दर्शनी काउंटरवर बसायची. वाईट म्हणण्यासारखं तिच्यात काही नव्हतं, आणि आर्डिसला सगळ्यात जास्त तेच खुपायचं. चर्चच्या गायकवृंदात जनेल तिच्या मागच्याच रांगेत उभी राहायची. तो कोमट दुधासारखा आवाज मानेवर पडला की आर्डिसचा सूर आपोआप वर चढायचा, आणि मग खोकला यायचा.

संचालकांची बैठक झाली त्या दिवशी कॉफी आणि खजुराच्या वड्या नेहमीप्रमाणे आर्डिसनेच केल्या होत्या. नावं न सांगता लायलने दोन्ही नमुने लावले. आर्डिस किटली घेऊन टेबलाभोवती फिरत होती.

"पहिला चांगलाय," संचालकांचा अध्यक्ष तिच्या हातातल्या ताटातून वडी उचलत म्हणाला. "पण जरा आजीबाई बोलल्यासारखं वाटतं, नाही? दुसरा घ्या. नवं सहस्रक, नवा आवाज."

सगळ्यांचे हात वर झाले. पंचवीस वर्षं रोज सकाळी जो आवाज ऐकून हे लोक गाईंकडे जात होते, तो त्यांतल्या एकालाही ओळखू आला नाही. आर्डिसने अध्यक्षाचा कप काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत.

जनेलने आपले शब्द सामानाच्या खोलीत बसून बोलून घेतले. आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना हिवाळी कोट टांगले होते. आर्डिस बिलं लावत होती. दाराआडून 'एप्रिल, मे, जून' ऐकू येत होतं आणि ती मनातल्या मनात चुका काढत होती. 'तीस' म्हणताना शेवट गिळते. 'शून्याखाली' असं म्हणते, जणू आईस्क्रीम आलंय. थंडीत मेलेलं वासरू बघितलंय का हिने कधी?

नवं यंत्र आलं. गावाला न दिलेल्या एका आडनंबरावर ते चाचणीसाठी चालू केलं आणि लायलने गावात दोघाचौघांना ऐकून बघायला सांगितलं. त्यांत आर्डिसचा नवरा ऑरिनही होता. संध्याकाळी त्याने स्वयंपाकघरातूनच फोन लावला.

"चांगली बोलते की पोरगी," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट. माझ्या डाव्या कानालाही ऐकू येतंय."

"हो का?" आर्डिसने ओव्हनमधून बटाट्या-मांसाचं हॉटडिश काढलं, टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि ओव्हनमध्ये परत ठेवून दार लावलं. "अजून शिजायचंय."

"अगं, वरून करपलंय ते."

"मग तिला फोन करून विचार, शिजलं का म्हणून."

ऑरिन हसला. मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला. "तुझा आवाज मला घरात मिळतोच की. फोन कशाला लावू?" तो गोड बोलायला गेला, पण वेळ टळून गेली होती.

ऑक्टोबरात एका दुपारी मोठी चाचणी ठेवली होती. गाव कामात असताना लायल राखीव यंत्रणेवरची सगळी घड्याळं पुढे नेऊन खोटं नवं वर्ष आणणार होता. म्हणजे बाहेर ऊन पडलेलं, ट्रक बीट वाहून नेताहेत, आणि आत एक्स्चेंजच्या खोलीत मध्यरात्र होऊन दोन हजार साल लागणार. दूरचे फोन, आगीच्या बंबाचा नंबर, बिलांचं यंत्र, सगळं त्याने एकेक करून तपासलं. शेवटी राहिलं वेळेचं यंत्र. ते ऐकायचं काम आर्डिसकडे होतं.

तिने आडनंबर लावला. जनेलच्या आवाजाने शुक्रवार, एकतीस डिसेंबर सांगितलं. मग लायलचं खोटं वर्ष पालटलं. आर्डिसने पुन्हा नंबर लावला.

"सोमवार," जनेलचा आवाज गोडव्याने म्हणाला, "एक जानेवारी."

आर्डिसने भिंतीवर पाहिलं. बियाण्यांच्या दुकानाने नव्या वर्षाचं कॅलेंडर आधीच दिलं होतं. एक जानेवारी, शनिवार. तिने पुन्हा ऐकलं. सोमवार.

वार उलटसुलट वाचले की बयेने! वर्षाच्या पहिल्या सकाळी सगळं हाल्डिंग फोन कानाला लावणार आणि ती सगळ्यांना सोमवार म्हणून सांगणार. कॅफेत वर्षभर पुरेल एवढा विषय. संचालकांनीही ऐकावं. नवं सहस्रक, नवा आवाज!

"आर्डिस!" लायल आतून ओरडला. "बोलतेय का?"

"बोलतेय!" आर्डिस ओरडली. बोलत तर होतीच.

"एक दिवस पुढे नेतो. परत बघा!"

तिने परत पाहिलं. आता 'रविवार' येईल असं तिने धरलं होतं, कारण शनिवारी सोमवार म्हणून गेली तरी रविवार तर जागेवरच असणार.

"मंगळवार," आवाज म्हणाला. "दोन जानेवारी."

आर्डिसने फोन हळूच खाली ठेवला. शब्द उलटसुलट झाले असते तर मंगळवार आला नसता. म्हणजे जनेलने शब्द बरोबरच बोलले होते. यंत्रच वार चुकीचे मोजत होतं. दाखला मिळालेलं, विमावाल्यांच्या पसंतीचं नवंकोरं यंत्र दोन शून्यं बघून शंभर वर्षं मागे गेलं होतं आणि एकोणीसशे सालचे वार सांगत होतं.

"बोलतेय का?"

"बोलतेय," आर्डिस म्हणाली. या वेळी तिचा आवाज थोडा खाली आला.

लायल समाधानाने हात पुसत जेवायला घरी गेला. तो वळणावर दिसेनासा होतो न होतो तोच जनेल काउंटर सोडून आत आली. चेहरा पांढराफटक पडलेला.

"आर्डिस, तुम्ही ऐकलंत ना?"

"काय?"

"मी काउंटरवरून लावून बघितलं. नवं वर्ष लागलं तेव्हा. मला... मला माझाच आवाज ऐकायचा होता. हसू नका." आर्डिस हसत नव्हती. "सोमवार म्हणाले मी. शनिवारच्या जागी. वार वाचताना मुलाला ताप होता, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. घोटाळा केला मी."

"एकदाच ऐकलंस?"

"एकदाच. पुढे ऐकायची हिंमतच झाली नाही." तिने डोळे पुसले. "तुम्ही लायलला सांगितलं नाहीत. मला सांभाळून घेतलंत. दुसरं कोणी असतं तर..."

आर्डिसने बिलांचा गठ्ठा उगाचच सरळ केला.

"ऐका ना. रेकॉर्डिंगचं सामान अजून त्या कोटांच्या खोलीतच आहे. तुम्ही बोला सगळे शब्द. पहिल्यापासून. लायलला मी सांगते, माझा घसा बसला, मला जमणार नाही. खरं तर हे काम तुमचंच होतं. सगळ्यांना माहितीय. मला तर नाही म्हणायलाही जमलं नाही."

'सगळ्यांना माहितीय.' आर्डिसला ते वाक्य चघळून चघळून गिळावंसं वाटलं. उन्हाळाभर उशाशी घेऊन झोपलेली गोष्ट ही मुलगी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पायाने चालत येऊन देत होती. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं.

"चल," ती म्हणाली.

कोटांच्या खोलीत लोकरीचा आणि ओल्या बुटांचा वास होता. जनेलने तिच्या डोक्यावर हेडफोनची पट्टी ठेवली, केस अडकू नयेत म्हणून जपून. माइक जवळ आणला. आर्डिसने घसा खाकरला.

"रविवार," ती म्हणाली. तोच आवाज. नाही, तोच नाही, पण वाईटही नाही. "सोमवार. मंगळवार. बुधवार." जनेल दोन्ही हात छातीशी धरून मान डोलवत होती. "गुरुवार. शुक्रवार. श..."

आणि तिथेच तिला ते दिसलं. वर्षाची पहिली सकाळ. संचालकांचा अध्यक्ष गोठ्यातून फोन लावतोय. ऑरिन स्वयंपाकघरातून लावतोय. चर्चमधल्या सगळ्या बाया लावताहेत. आणि यंत्र, ते बिनडोक यंत्र, आर्डिस रुस्टाडच्या आवाजात ठणकावून सांगतंय, सोमवार. म्हातारीला वारही कळेनासे झाले, बिचारी, असं म्हणतील. आजीबाईच ती, असं म्हणतील. आधी लायलला सांगून यंत्र दुरुस्त करावं, तर जनेलचे शब्द बरोबर होते हे त्याच वेळी उघडं पडणार. इकडून जा नाहीतर तिकडून.

"काय झालं?" जनेल म्हणाली. "पाणी आणू?"

आर्डिसने पट्टी काढली. दोन-चार केस त्यात अडकून तुटले.

"तुझी चूक नाही," ती म्हणाली.

"तुम्ही चांगल्या आहात म्हणून म्हणताय..."

"मी चांगली-बिंगली काही नाही. ऐक नीट. दुसऱ्या दिवशी ते मंगळवार म्हणालं. तुझे वार जागच्या जागी आहेत. यंत्रच शंभर वर्षं मागचं मोजतंय. लायल जेवून आला की त्याला सांग."

जनेलला समजायला क्षणभर लागला. मग तिने आर्डिसला मिठीच मारली. आर्डिस कोटांमधल्या एखाद्या कोटासारखी ताठ उभी राहिली.

"पण म्हणजे... तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" जनेल मागे सरली. "मी रडत आले तेव्हा? मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे?"

जनेल तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग होता, आणि आणखीही काही होतं, जे आर्डिसला रागापेक्षा जड गेलं. मग जनेलने हेडफोनची पट्टी खुंटीला लावली आणि काउंटरवर परत गेली.

कंपनीने चूक कबूल करून नवा सुटा भाग पाठवला. लायलने तो बसवला आणि शनिवार शनिवारी आला. जनेलने मात्र लायलला एवढंच सांगितलं की चूक आर्डिसने पकडली. बाकीचं ती कुणाशी कधी बोलली नाही. संचालकांनी आर्डिसचं कौतुक केलं. "आर्डिसच्या कानातून काही सुटत नाही," असं अध्यक्ष कॅफेत म्हणाला. कौतुक कानाचं होतं. आवाजाबद्दल कोणी काही बोललं नाही.

एक जानेवारीला सकाळी उजाडल्यावर हाल्डिंगचे सगळे फोन चालू होते. ऑरिन बूट घालत बसला होता. आर्डिसने वेळेचा नंबर लावला. शनिवार, एक जानेवारी, किती वाजले, शून्याखाली किती. तिने पुन्हा लावला आणि श्वास रोखून ऐकलं. 'तीस'चा शेवट गिळला जातो का, कुठे अडखळते का. काही सापडलं नाही. तिने फोन ठेवला.

"किती थंडी आहे म्हणते?" ऑरिनने विचारलं.

"बाहेर जाऊन बघ," आर्डिस म्हणाली.