मगरिबच्या वेळची नाव

मुलांनो, मी पाठवलेल्या फोटोतला तळ्याकाठचा दगडी ओटा कसला, असं तुम्ही विचारलंत. त्याची हकीकत ठाऊक असलेली आता मीच उरले आहे, म्हणून लिहून ठेवते.

कानामागे हात धरून "स्वल्प चुप, अक्का. परिंदे आरे," म्हणजे जरा गप्प, पाखरं येताहेत, असं म्हणणारे एक गृहस्थ नव्वदच्या दशकात बंगळुरूजवळच्या के. आर. पुरमला आमच्या शेजारी राहत. तुमच्या आजोबांच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. निवृत्तीनंतर गावाबाहेरच्या तळ्यावर त्यांनी वल्ह्यांच्या दोन नावा ठेवल्या. मी त्यांना भाई म्हणे.

त्यांच्या घरच्या बायका सहलीला कुठे जातच नसत. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, पाणी नाही, नमाजाला आडोसा नाही, खाणं हलाल आहे की नाही कोण सांगणार? भाईंनी काठावर ओटा बांधला, गोणपाटाचा पडदा लावला. वजूचं पाणी तळ्यात न जाता केळींना मिळेल असा चर खणला. जेवण त्यांच्या घरून, केळीच्या पानावर.

घरच्या आणि नात्यातल्या माणसांची पहिली सहल एका रविवारी ठरली. पण तळं गावाचं. गावच्या गौडांनी, म्हणजे पाटलांनी, बजावलं होतं, "रविवारी तुमची माणसं खूश झाली तर ठीक. नाहीतर मोटरबोटवाला तयार आहे." मोटर आली की पाखरं जाणार, हे भाईंना पक्कं ठाऊक होतं.

वेळापत्रक मी टाइप केलं, अगदी नेटकं. बगळे परततात त्या वेळेला नौकाविहार. भाईंनी ते वाचलं थेट रविवारी, पाहुण्यांसमोर.

"अक्का, तुम तो मगरिब में सबको पानी पे बिठा दिए."

मी ओशाळले. सूर्य मावळताच मगरिबचा नमाज, आणि बगळेही तेव्हाच येणार. ते बघायला तर सगळे आले होते.

"मग आता?"

"स्वल्प ठैरो."

त्यांनी नावा वेळेआधीच काठाला आणल्या. पडद्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लागल्या. मी बायकांच्या मागे गवतात बसले, सहल कशी होते ते बघायला आलेले गौडा पुरुषांच्या मागे. वीसेक माणसं, पण आवाज नाही. बगळे एकेक करत ओट्याशेजारच्या बाभळीवर उतरले, नावेच्या इतक्या जवळ ते कधीच येत नसत. नमाजाच्या शेवटी सलामासाठी मान आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवतात; उजवीकडे वळलेल्या एका आजीबाईंना ते दिसले. डावीकडे वळायला त्यांना जरा उशीरच झाला.

"सरी, ठीक," गौडा उठत म्हणाले. मोटरबोटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

भाई जाऊन बरीच वर्षं झाली. नावा कुजल्या, तळं निम्मं राहिलं. ओटा आहे. संध्याकाळी बाभळीवर बगळे येतात.